दात घासला की गुळगुळीत केला?

मी जबलपूरहून बोलतेय. माझा दवाखाना चेरीतालला आहे. बाहेरगावच्या लोकांना हे नाव ऐकून केकवरची लाल चेरी आठवते, पण तिचा इथे काही संबंध नाही. चेरी म्हणजे दासी. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाचा आधारताल आणि राणीच्या दासीच्या नावाचा चेरीताल, असं आमच्या गावात सांगतात. आता तलाव नाही, वस्ती आहे, आणि त्या वस्तीत मी लोकांचे दात बघते.

आज मला फिलिंगच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल बोलायचंय. कीड काढून झाली, खड्डा भरून झाला, निळा दिवा लावून सिमेंट कडक झालं. पेशंटला वाटतं, सुटलो. आणि मग डॉक्टर पुन्हा मशीन हातात घेतात. घूंऽऽ असा आवाज, पाण्याचा फवारा, आणि दातावर काहीतरी घासलं जातंय. इथे माझे हिंदी बोलणारे पेशंट बाहेर जाऊन सांगतात, 'डॉक्टर ने दाँत घिस दिया.' मराठी घरातली मंडळी म्हणतात, 'दात घासून टाकला हो.' दोन्हींत तक्रार एकच आहे: माझ्या दाताचं काहीतरी कमी झालं.

ही भीती मला हसण्यावारी न्यायची नाही. ती अर्धी बरोबर आहे. कोणता अर्धा भाग बरोबर, हे कळायला ते मशीनच्या टोकाला काय लावलेलं असतं ते बघावं लागेल.

त्या टोकाला बर म्हणतात. टाचणीहून थोडा जाड, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा दांडा आणि त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्यापासून ज्योतीपर्यंत वेगवेगळ्या आकाराचं डोकं. एअरोटर म्हणजे हवेवर चालणारं मशीन, त्यात हा बर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. मायक्रोमोटर सावकाश चालतं, साधारण ४०,००० फेऱ्यांपर्यंत. बरचे मुख्य प्रकार दोन, आणि दोघांची काम करायची रीत अगदी वेगळी.

पहिला टंगस्टन कार्बाइडचा. त्याच्या डोक्याला धारदार पाती असतात. कीड काढायच्या बरला सहा-आठ पाती. फिनिशिंगच्या बरला १२, १६, २० आणि अगदी शेवटच्या बरला ३०. पाती जितकी जास्त, तितका प्रत्येक पात्याचा घास लहान, आणि मागे राहणारा पृष्ठभाग तितका सपाट. हे मला इथे कुणाला फार समजवावं लागत नाही. जबलपूर हे कारखान्यांचं गाव आहे. गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त काकांपैकी बरेच जण लेथवर किंवा मिलिंग मशीनवर आयुष्य काढलेले. एका काकांनी माझ्या ट्रेमधला बर उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, 'हा तर आमचाच कटर, बाळ आहे नुसता.' बरोबर बोलले. धातू कापायच्या कटरला जे कार्बाइड लागतं, त्याच जातीचं हे.

दुसरा हिऱ्याचा. याला पाती नाहीत. दांड्याच्या डोक्यावर हिऱ्याची बारीक पूड पक्की बसवलेली असते. तो कापत नाही, खरवडतो. सँडपेपरचा गोल गोळा समजा. पूड किती जाड, हे मानेवरच्या रंगीत पट्टीवरून कळतं. हिरव्या पट्टीचे कण शंभर मायक्रॉनच्या वरचे, निळ्या पट्टीचे साधारण शंभराच्या आसपास. लाल पट्टीचे चाळीस-पन्नास, पिवळीचे वीस-तीस, पांढरीचे त्याहून बारीक. कंपनीनुसार आकडे थोडे पुढेमागे होतात, पट्ट्यांचा क्रम मात्र हाच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

आता गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत? प्रयोगशाळेत एक बारीक सुई पृष्ठभागावरून ओढतात आणि ती किती वर-खाली होते त्याची सरासरी काढतात. तोंडाच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १९९७ साली बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या बोलेन, लाम्ब्रेख्त्स आणि क्विरिनेन यांनी तोवरचं सगळं संशोधन एकत्र वाचून सांगितलं, की ही सरासरी ०.२ मायक्रॉनच्या वर गेली की दातावर जंतूंचा थर जास्त साचतो. त्याच्या खाली कितीही चकचकीत केलं तरी थर आणखी कमी होत नाही. दुसरा आकडा २००४ सालचा, ब्रिटिश संशोधकांचा. त्यांनी लोकांना वेगवेगळ्या खडबडीतपणाचे नमुने जिभेने तपासायला दिले, आणि जीभ पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा फरक ओळखते असं दिसलं.

जिभेचं कौतुक करा. केसाच्या शंभराव्या भागाचा फरक तिला कळतो. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गैरसोयीची गोष्ट दिसते. जीभ गप्प बसली म्हणजे जंतूही गप्प बसले असं नाही. मधे थोडी जागा उरते, जिथे पेशंट म्हणतो 'आता छान वाटतंय' आणि चहाचे, तंबाखूचे डाग मात्र सहा महिन्यांत तिथेच धरतात. म्हणून 'जिभेला टोचतंय का?' एवढं विचारून मी थांबत नाही.

मग तो ०.२ पर्यंत पोचायचं कसं? जुन्या घरांत मोझॅकची फरशी असायची. जबलपूरच्या, नागपूरच्या, इंदूरच्या वाड्यांमधून ती अजून आहे. फरशी बसवल्यावर घासायचं मशीन यायचं, घरभर राखाडी चिखल व्हायचा आणि आई वैतागायची. त्या मशीनला आधी ६० नंबरचा दगड, मग ८०, मग १२०, मग ३२० आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर. कामगाराने मधला दगड वाचवला तर फरशी चमकायची, पण सकाळचं तिरकं ऊन पडलं की गोल गोल ओरखडे दिसायचे. कारण ३२० नंबरचा दगड ६० नंबरचा ओरखडा काढू शकत नाही. तो फक्त त्याच्या कडा चकचकीत करतो.

दातावर नेमकं हेच होतं. फिलिंगमधले ओरखडे शेवटच्या बरने जात नाहीत. प्रत्येक टप्प्याचं काम फक्त आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसणं, आणि स्वतःचे त्याहून बारीक मागे ठेवणं. लाल पट्टी, मग पिवळी, मग रबराचं पॉलिशर किंवा चकत्या, मग पेस्ट. किंवा १२ पाती, मग ३० पाती, मग रबर. नुसत्या बरवर थांबलं तर, बर कितीही बारीक असला तरी, ०.२ च्या खाली पोचणं कठीण. बर आकार देतो, चमक रबर आणि पेस्ट देतात. पेशंटला मात्र दोन्ही वेळी आवाज सारखाच ऐकू येतो.

एक मौज सांगते. दाताच्या रंगाच्या सिमेंटचा, म्हणजे कॉम्पोझिटचा, सगळ्यात गुळगुळीत पृष्ठभाग कोणता? ज्याला कुठलाच बर लागलेला नाही तो. फिलिंग ओलं असताना त्यावर पारदर्शक पट्टी दाबून धरली आणि त्यावरून दिवा लावला, की काचेसारखी गुळगुळीत पाठ मिळते. मग ती तशीच का ठेवत नाही? कारण त्या वरच्या पापुद्र्यात राळ जास्त आणि काचेचे कण कमी असतात. तो मऊ असतो, लवकर झिजतो, डाग धरतो. म्हणून तो काढायचाच. पण काढायला किती उरतं, हे भरताना हात किती काळजीने चालला यावर असतं. माझं प्रामाणिक मत, चांगलं फिनिशिंग बर हातात घेण्याआधी झालेलं असतं. ज्या फिलिंगला अर्धा तास घासावं लागतं ते भरतानाच बिघडलेलं होतं.

कॉम्पोझिटचा स्वभावही थोडा आडमुठा. त्यात मऊ राळ आणि कडक कण एकत्र असतात. घासलं की राळ आधी जाते, कण उघडे पडतात किंवा उपटून निघतात आणि तिथे खळगा राहतो. जुन्या जाड कणांच्या सिमेंटला त्यामुळे टिकाऊ चमक यायचीच नाही. आता कण फार बारीक झालेत, काम सोपं झालंय. चांदीचं फिलिंग वेगळं होतं. ते पॉलिश करायला पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवायचं, असा आमच्या शिक्षणातला नियम. मंडला-डिंडोरीकडून बसने आलेला माणूस दात दुखायचा थांबल्यावर नुसत्या पॉलिशसाठी परत येईल? ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट असतं, त्याचंही तसंच. पहिल्या दिवशी त्यावर कोरडं मशीन चालवलं की भेगा पडतात. जिथे पेशंट परत यायची खात्री नाही तिथे कोणतं सिमेंट वापरायचं, हा निर्णय पण फिनिशिंगचाच भाग आहे, पुस्तकात तो त्या धड्यात सापडत नसला तरी.

आता त्या भीतीच्या बरोबर अर्ध्या भागाकडे येते.

फिलिंग घासलं तर काही बिघडत नाही, पुन्हा भरता येतं. पण फिलिंगच्या कडेला लागून दात असतो. तिथे बरला कुठे थांबायचं ते कळत नाही, हाताला कळावं लागतं. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. दाढेच्या टोकावर ते दोन-अडीच मिलिमीटर असतं, पुढच्या दातांवर जेमतेम एक, हिरडीजवळ तर कागदासारखं पातळ होत जातं. ते तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नाहीशा होतात. हाड भरून येतं, त्वचा भरून येते, इनॅमल येत नाही. शिवाय फ्लोराइड सर्वांत जास्त असतं ते त्याच्या अगदी वरच्या थरात, म्हणजे नेमकं तिथे जिथे आपला बर फिरतोय.

याची खरी कसोटी फिलिंगपेक्षा तारा काढताना लागते. मुलांच्या दातांवर वर्ष-दोन वर्षं ब्रॅकेट चिकटवलेले असतात. ते काढले की प्रत्येक दातावर गोंदाचा, म्हणजे पुन्हा राळेचाच, ठिपका उरतो. आणि हा दात किडलेला नाही, चांगला आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा आहे. तिला पुढची साठ वर्षं तो वापरायचाय. घरच्यांना घाई असते, मुलीला तर आरशाचीच घाई. हिरव्या किंवा निळ्या पट्टीचा हिऱ्याचा बर लावला तर गोंद दहा सेकंदांत उडतो. त्यामुळे मोह होतो.

१९७९ साली नॉर्वेच्या झाक्रिसन आणि ऑर्टुन यांनी हाच प्रश्न नीट तपासला. गोंद काढायची वेगवेगळी साधनं वापरून दात सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि ० ते ४ असे गुण दिले. ० म्हणजे निसर्गाने दिला तसा अस्पर्श दात, ४ म्हणजे चालणार नाही असा. हिऱ्याच्या बरला ४ मिळाले. मध्यम सँडपेपरच्या चकतीला आणि हिरव्या रबरी चाकाला ३. बारीक चकतीला २. टंगस्टन कार्बाइडच्या बरला, तोही सावकाश, मिनिटाला २५,००० च्या आसपास फिरवला तर, १. आणि ० कुणालाही मिळाला नाही. आज साधनं सुधारली आहेत, पण त्या शेवटच्या वाक्यापुढे मी अजून थांबते.

कारण अस्पर्श दात आरशासारखा गुळगुळीत नसतोच. नुकत्याच आलेल्या पुढच्या दातावर उजेड तिरका पाडून बघा. आडव्या, अगदी बारीक रेघा दिसतील, पाण्यावरच्या तरंगांसारख्या. इनॅमल थराथराने तयार होत गेलं त्याच्या त्या खुणा आहेत. वय वाढतं तशा त्या झिजून जातात. बरने त्या पुसल्या गेल्या तर दात गुळगुळीत दिसेल, चमकेलही, पण ती चमक वय वाढल्याची आहे. तरुण दाताचा ओलसर, मऊ उजेड या रेघांमधून येतो. म्हणून पालक जेव्हा म्हणतात, 'मॅडम, अजून थोडं चमकवा ना, लग्न आहे घरात,' तेव्हा मी नाही म्हणते. काहींना राग येतो. येऊ दे.

मग कार्बाइडचा बर गोंद कापतो आणि दात का सोडतो? तो पूर्ण सोडतो असं नाही. पण राळ इनॅमलपेक्षा बरीच मऊ आहे, आणि हलक्या हाताने, सावकाश फिरणारं पातं मऊ गोष्ट उचलतं आणि कडक पृष्ठभागावरून बरचसं सरकून जातं. हिऱ्याच्या कणाला मऊ आणि कडक हा भेदच नाही, तो इनॅमलपेक्षाही कितीतरी कडक. वाटेत येईल ते खरवडतो. आणि तो ओरखडा मागाहून पेस्टने जात नाही, मोझॅकच्या फरशीसारखाच.

अडचण अशी की गोंदाचा रंग दातासारखाच असतो, आणि थुंकीने ओला असताना तो दिसतच नाही. दात हवेने पूर्ण कोरडा केला की गोंद निस्तेज दिसायला लागतो. मी अलीकडे जांभळ्या उजेडाची टॉर्च वापरते, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तशी. बरेच कॉम्पोझिट त्या उजेडात दातापेक्षा वेगळे, पांढुरके चमकतात. सगळे नाही, पण बरेच. कुठे थांबायचं हे त्याने जितकं कळतं तितकं महागड्या बरने कळत नाही.

बरची स्थितीही बघावी लागते. बोथट झालेला बर कापत नाही, दाबून घासतो, आणि उष्णता करतो. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात, नसेचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दात पूर्ववत झाले नाहीत. म्हणून पाणी, म्हणून टेकव-उचल, टेकव-उचल. मशीनच जुनं असेल आणि बर त्यात थरथरत असेल तर कितीही पाती असोत, दातावर लाटा उमटतात. याबद्दल आमच्या व्यवसायात फार बोललं जात नाही, कारण फिलिंगचे पैसे मिळतात, नव्या बरचे वेगळे कुणी देत नाही.

पेशंट म्हणून तुम्ही काय बघायचं? चमक शेवटी बघा. आधी, फिलिंग दोन दातांच्या मधे असेल तर, तिथून फ्लॉसचा दोरा फिरवून मागा. दोरा फाटला किंवा अडकला तर तिथे सिमेंटची पायरी राहिली आहे. दिसणारा भाग आरशासारखा असून ही पायरी राहिली तर अन्न तिथे अडकणार, हिरडी सुजणार, कीड पुन्हा तिथूनच सुरू होणार. तिथे बर पोचत नाही, बारीक पट्टी ओढावी लागते, आणि ते कंटाळवाणं काम आहे. मग चावून बघा, रंगीत कागदाने उंची तपासतात तेव्हा घाईघाईने 'ठीक आहे' म्हणू नका. बधिर तोंडाला कळत नसेल तर तसं सांगा.

आणि घरी जाऊन आमचं काम उलटं फिरवू नका. तिकडे महाराष्ट्रात मिश्री, इकडे गुल आणि लाल दंतमंजन. बोटाने कडकडून घासलेली जाड पूड म्हणजे रोज सकाळी चालवलेला खडबडीत बरच, पट्टी नसलेला. लिंबू आणि सोडा हा उपाय मोबाइलवर फार फिरतो. आम्लाने आधी इनॅमल मऊ करायचं आणि मग ते घासायचं, याहून वाईट क्रम मला सुचत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तारा काढल्यावर दातावर पांढरे डाग दिसतात, ते घासून काढता येतील का? हे डाग बरमुळे आलेले नसतात. ब्रॅकेटभोवती ब्रश नीट पोचला नाही, जंतूंच्या आम्लाने तिथलं खनिज झिरपून गेलं, म्हणून इनॅमल खडूसारखं दिसतं. ते कमजोर आहे, पण अजून तुटलेलं नाही. त्यावर बर फिरवला तर वरचा जो थर अजून शाबूत आहे तोच जाईल. फ्लोराइडची टूथपेस्ट दोन वेळा, गोड खाणं कमी, आणि काही महिने वाट बघायची. थुंकीतलं खनिज थोडं थोडं परत बसतं, आणि काही डाग बरेच फिके होतात. जे उरतात त्यांच्यावर पातळ राळ मुरवून रंग जुळवता येतो, तोही बर न लावता. तेव्हा तारा निघाल्या त्याच आठवड्यात कुणी डाग घासून द्यायला तयार असेल, तर त्यांना विचारा की कोणत्या पट्टीच्या बरने.